नगराचा योगक्षेम

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक हा मंदिराच्या पत्रिकेत चर्चिण्याचा विषय आहे काय, असे काही वाचक विचारतील. देवळाच्या पत्रिकेत व्रतवैकल्यांचा विचार असावा, उत्सवाचा वृत्तांत असावा, फार तर एखादे संतचरित्र असावे. गटारे, पूल, नोटिसा आणि ठेके यांची उठाठेव वर्तमानपत्रांनी करावी, अशी समजूत आपल्या मंडळींत पुष्कळ काळापासून रूढ आहे. ती आम्हांस मान्य नाही, आणि निदान इंदूरकरांना तरी ती यापुढे मान्य नसावी. देवळाचा कारभार आणि नगराचा कारभार हे दोन्ही एकाच खड्ड्यात कोसळले, तो दिवस या शहराने पाहिलेला आहे.

३० मार्च २०२३ हा तो दिवस. गुरुवार होता आणि रामनवमी होती. पटेलनगर भागातील बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होते. सणाचा दिवस म्हणून गर्दी नेहमीहून अधिक होती. ज्या जमिनीवर मंडळी बसली होती ती जमीन नव्हतीच. ते एका जुन्या बावडीवर कित्येक वर्षांपूर्वी टाकलेले छत होते. ते खचले, आणि बसलेली माणसे खालच्या पाण्यात व गाळात गेली. रात्री सैन्यदलाला पाचारण करावे लागले. दुसऱ्या दिवशीपर्यंत मृतदेह निघत होते. एकंदर ३६ माणसे गेली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती.

ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखाची चिकित्सा करण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि कायद्याने दोषी कोण हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत असे आले की, बागेतील अनधिकृत बांधकामासंबंधी रहिवाशांच्या तक्रारी महापालिकेकडे गेल्या होत्या; महापालिकेने मंदिराच्या विश्वस्तांना नोटीसही दिली होती; विश्वस्तांनी उत्तर पाठविले, आणि त्यात धार्मिक भावनांचा हवाला होता. पुढे काहीही झाले नाही. म्हणजे तक्रार करणाराने तक्रार केली, नोटीस देणाराने नोटीस दिली, उत्तर देणाराने उत्तर दिले. प्रत्येकाच्या दप्तरात आपापला कागद सुरक्षित होता. असुरक्षित होते ते छत तेवढे! मग आपले कर्तव्य नेमके केव्हा संपते? आपण सांगितले तेव्हा, की सांगितलेले घडले तेव्हा?

या प्रश्नाचे सोपे उत्तर असे दिले जाते की, प्रत्येकाने आपल्यापुरते केले म्हणजे पुरे. कचेरीच्या कामात हे उत्तर चालत असेल. परंतु एखाद्याच्या घरात आग लागलेली पाहून रस्त्यावरून ‘आग, आग’ असे एकदा ओरडणे आणि पुढे चालू लागणे, यास आपण शेजारधर्म म्हणणार नाही. ज्याच्या हाती बादली आहे त्याचे कर्तव्य ओरडण्याने संपत नाही. महापालिकेच्या हाती केवळ बादलीच नव्हे, तर कायदाही असतो. आपल्याकडे लागू असलेल्या १९५६ च्या मध्य प्रदेशच्या महापालिका कायद्यात पालिकेच्या कामांचे दोन वर्ग केलेले आहेत: जी केलीच पाहिजेत अशी, आणि जी इच्छा व ऐपत असल्यास करावीत अशी. धोकादायक इमारती व जागा सुरक्षित करणे किंवा हटविणे हे काम पहिल्या वर्गातले आहे. त्यात ‘भावना अनुकूल असल्यास’ अशी पुस्ती नाही. नोटीस हे त्या कर्तव्याचे पहिले पाऊल होय. पहिल्याच पावलाला मुक्काम समजून तेथे बसणारा प्रवासी गावाला पोहोचत नाही.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. नोटीस आली की सामान्य माणूस तीत सुरक्षिततेचा विचार वाचत नाही. तो विचारतो, ‘कोणी तक्रार केली? कोणाच्या सांगण्यावरून आली? पलीकडच्या गल्लीतल्या बांधकामाला का नाही आली?’ हे प्रश्न अगदीच निराधार असतात असे म्हणता येत नाही. ज्या शहरात नोटिसा निवडून निवडून निघतात आणि त्यांपैकी कित्येक बोलाचालीने विरून जातात, त्या शहरात खरी नोटीसही खोटी वाटू लागते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीत ओरडणारा मुलगा लबाड होता आणि गावकरी शहाणे होते, तरी लांडग्याने मेंढरे खाल्लीच. तेव्हा नोटिशीची पत राखणे हीदेखील सुरक्षिततेची एक तरतूद आहे, आणि तिला एक पैसाही खर्च नाही.

आता धार्मिक भावनांचा विचार करू. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो असल्यामुळे या बाबतीत थोडे अधिक बोलण्याची मोकळीक घेतो.

आपल्या धर्मशास्त्रात ‘इष्टापूर्त’ असा एक शब्द आहे. यज्ञ, होम, अग्निहोत्र ही कर्मे म्हणजे ‘इष्ट’. आणि विहिरी, तळी, बारवा खोदणे, देवळे बांधणे, बागा लावणे, अन्नदान करणे ही लोकोपयोगी कर्मे म्हणजे ‘पूर्त’. ही दोन्ही मिळून गृहस्थाचे पुण्य पूर्ण होते अशी मूळ कल्पना. बारव बांधणे हे आपल्या पूर्वजांनी देऊळ बांधण्याच्या शेजारी बसविलेले कर्म आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. ज्यांच्या नावाने इंदूर ओळखले जाते त्या देवी अहिल्याबाईंनी काशीविश्वनाथाचे देऊळ उभारले तसेच ठिकठिकाणी घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळाही उभारल्या. तहानलेल्याला पाणी मिळणे आणि यात्रेकरूला आडोसा मिळणे हे त्यांच्या दृष्टीने देवकार्याच्या बाहेरचे नव्हते.

आता रामनवमीच्या त्या दिवसाकडे पुन्हा पाहा. वर हवन चालू होते, म्हणजे इष्ट चालू होते. आणि खाली कोणा पूर्वजाचे पूर्त झाकून, विसरून टाकलेले होते. एका पुण्यकर्माच्या छाताडावर दुसरे पुण्यकर्म बसविले होते. बावडीचा उपयोग संपला होता म्हणून ती झाकली गेली, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले, नळ घरोघर गेले, आणि जुन्या विहिरी-बावड्यांकडे शहराने पाठ फिरविली. पण उपयोग संपलेल्या वस्तूची निगराणी संपत नसते. उलट, उपयोगात असलेल्या विहिरीवर दहा जणांची नजर असते. झाकलेल्या विहिरीवर कोणाचीच नसते. दगड, लोखंड आणि पाणी मात्र आपापले काम अंधारात करीत राहतात.

‘देवस्थानाला हात लावू नका’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. परंतु देवस्थान मोडकळीस आले तर काय करावे याचा विचार शास्त्राने केलेला नाही, असे थोडेच आहे? जीर्णोद्धार हा स्वतंत्र विधी आहे. आम्ही आमच्या तीर्थरूपांना मुद्दाम विचारले की, स्थिर लिंग असेल, मूर्ती हलविता येण्यासारखी नसेल, तर काय करतात? त्यांनी सांगितले ते असे: देवाची अनुज्ञा मागतात, मूर्तीतील देवतेचे आवाहन पाण्याने भरलेल्या कलशात करतात, तो कलश जवळच तात्पुरत्या जागी बसवून नित्यपूजा तेथे चालू ठेवतात, आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करतात. पूजेत एका दिवसाचाही खंड पडत नाही. ज्या शास्त्राने इमारत जीर्ण होणारच हे गृहीत धरून देवाच्या तात्पुरत्या निवासाची सोय लावून ठेवली, त्या शास्त्राच्या नावाने ‘ही जागा धोक्याची असली तरी मोकळी करणार नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर त्याने शास्त्र पाहिले नाही, आपला हट्ट पाहिला, असे आम्हांस नाइलाजाने म्हणावे लागते. दुसरे असे की, जुन्याची डागडुजी करण्याचे पुण्य नवे बांधण्याच्या पुण्याहून उणे आहे, असे आपल्या परंपरेने कधीही मानलेले नाही. नव्या देवळाच्या कोनशिलेला मंडळी जमतात आणि जुन्या भिंतीच्या गिलाव्याला वर्गणी जमत नाही, हा दोष परंपरेचा नव्हे. तो आपला आहे.

आणि ही गोष्ट अशक्य नव्हती, हे घटनेनंतर चारच दिवसांत दिसून आले. ३ एप्रिल रोजी महापालिकेने बुलडोझर लावून तेथील बांधकाम पाडले. मूर्ती अन्यत्र हलविण्यात आल्या. बावडी भराव घालून बुजविली. लोकांनी विरोध केला, तरी काम झाले. जे अनेक महिने भावनांमुळे होत नव्हते ते ३६ चितांनंतर एका सकाळी झाले. बावडी बुजविणे योग्य होते काय, याविषयी आमच्या मनात शंका आहे. भीतीच्या भरात घेतलेला निर्णयही निष्काळजीपणाच्या निर्णयाप्रमाणेच कधी कधी विचाराला पारखा असतो, आणि एक पूर्त कायमचे मातीआड गेले याची खंत वाटते. पण तो मुद्दा येथे लांबवीत नाही.

आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती यामागची मनोवृत्ती. ती केवळ इंदूरची नाही आणि केवळ देवळांची नाही. ती समजण्यासाठी आपल्या नित्य परिचयाचा एक शब्द उपयोगी पडेल: ‘योगक्षेम’. पत्राच्या आरंभी ‘आपले योगक्षेम कळवावे’ असे जुनी माणसे लिहीत. त्यात दोन शब्द आहेत. जे आपल्याजवळ नाही ते मिळविणे म्हणजे योग. जे आहे त्याचे रक्षण करणे म्हणजे क्षेम. भगवंतांनी गीतेत भक्तांचा जो भार उचलण्याचे वचन दिले आहे तो या दोहोंचा आहे, एकट्या योगाचा नाही. कोणत्याही नगरसंस्थेचे अंदाजपत्रक घेऊन बसावे आणि प्रत्येक रकमेसमोर ‘योग’ की ‘क्षेम’ असे लिहीत जावे. नवे प्रवेशद्वार, नवा चौक, नवा पुतळा, नवे उद्यान, रोषणाई हा सगळा योग. पुलाच्या खिळ्यांची तपासणी, आगीच्या बंबांची दुरुस्ती, जुन्या नाल्यांची साफसफाई, मोडक्या विहिरींचे कठडे हा सगळा क्षेम. योगाला नारळ फुटतो, फीत कापली जाते, शिलेवर नावे कोरली जातात. क्षेमाची शिला कोणी पाहिली आहे काय? ‘हा पूल अमुक पार्षदांच्या कारकिर्दीत पडला नाही’ असा फलक आम्ही तरी कोठे वाचला नाही.

याचे मूळ आपल्या कृतज्ञतेच्या स्वभावात आहे. ज्याला नोकरी लागली तो नोकरी देणाऱ्याचे नाव घेतो. ज्याच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आला तो मत देतो. पण वेळेवर बदललेल्या तारेमुळे ज्याचे घर जळले नाही, तो कोणाचे नाव घेणार? आपण वाचलो हेच त्यास ठाऊक नसते. रक्षणाचे फळ ज्याला मिळते तो अनामिक, आणि ते ज्याने दिले तोही अनामिक. अशा व्यवहारावर मतपेटी भरत नाही. तेव्हा पार्षदांना दोष देण्यापूर्वी आपण मतदारांनी हे ओळखले पाहिजे की, आपण योगाचे आभार मानतो आणि क्षेमाचा केवळ अभाव मोजतो.

गुजरातेतील मोरबीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. तेथील मच्छू नदीवर संस्थानी काळातील झुलता पूल होता. तो तेथील नगरपालिकेचा. त्याची देखभाल तिने घड्याळे बनविणाऱ्या एका खाजगी कंपनीकडे सोपविली होती. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला हा पूल २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, गुजराती नववर्षाच्या दिवशी, लोकांसाठी खुला झाला. तो वापरास योग्य आहे असा नगरपालिकेचा दाखला घेतलेला नव्हता. ३० ऑक्टोबरला संध्याकाळी तो तुटला आणि १३५ माणसे गेली. पुढे विशेष तपास पथकाने पाहिले तेव्हा आढळले की, ज्या दोन मुख्य दोरांवर पूल टांगलेला होता त्यांपैकी एकाच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या, आणि त्या बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. दुरुस्तीत काहीच झाले नव्हते असे मात्र नाही. चालायच्या लाकडी फळ्या काढून तेथे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसविले होते. पायाखाली जे दिसते ते नवे झाले. डोक्यावरून जाणारा, ज्यावर सगळा भार होता तो दोर जुनाच राहिला. योग झाला, क्षेम राहिला. इतकेच नव्हे, तर त्या पत्र्यांमुळे पुलाची लवचिकता घटली असेही पथकाने नोंदविले. म्हणजे दिसणाऱ्या नव्यानेच न दिसणाऱ्या जुन्याला अधिक ओझे दिले.

येथे आणखी एक प्रश्न निघतो. देखभाल ठेक्याने देता येते, हे कोणीही मान्य करील; महापालिकेने प्रत्येक खिळा आपल्याच नोकराकडून ठोकून घ्यावा असे नाही. पण जबाबदारी ठेक्याने देता येते काय? १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्यात, जेथे आपल्या मराठी मंडळींची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे, हरणी तलावात सहलीची नाव उलटली आणि १२ शाळकरी मुले व २ शिक्षिका बुडाल्या. तो तलाव महापालिकेने ठेक्याने दिलेला होता. आपल्या घरातील लग्नाचा स्वयंपाक आचाऱ्याला सांगता येतो. पण पाहुण्यांना विषबाधा झाली तर यजमान ‘आचाऱ्याला विचारा’ असे म्हणून हात झटकू शकत नाही. पंगतीला बोलावणारा तोच असतो. तलावाच्या काठी ‘या’ अशी पाटी महापालिकेच्या नावाने लागली की येणाऱ्याच्या प्राणांची यजमानकी तिच्याकडे आली. ठेक्याच्या कागदाने ती उतरत नाही.

व्यवहारी मंडळी यावर म्हणतील, आणि काही अंशी योग्यच म्हणतील, की पैसा मोजका असतो. सगळाच पैसा रक्षणावर खर्च केला तर नगर हे नगर न राहता कोंडवाडा होईल. मुलांना बाग नको काय? वृद्धांना बसायला ओटा नको काय? उत्सवाच्या दिवशी दिवे नकोत काय? हवेतच. ज्या शहरात केवळ क्षेम आहे आणि योग नाही, तेथे राहावेसे कोणास वाटेल? शिवाय प्रत्येक धोका शून्यावर आणणे कोणत्याही नगरसंस्थेस शक्य नाही; तसे वचन देणारा लोकांना फसवील. आमचे म्हणणे एवढेच की, हा योग आणि क्षेम यांचा झगडा दोन समान गरजांचा झगडा नव्हे. जे आपण बांधले, लोकांना जेथे बोलावले, त्याचे रक्षण हे ऋण आहे. आणि नवे बांधणे ही इच्छा आहे. ऋण फेडून उरेल त्यातून इच्छा पुरवावी, हा गृहस्थाश्रमाचा साधा हिशेब आहे. जो गृहस्थ वाण्याचे देणे ठेवून दिवाळीला चांदीची भांडी आणतो त्यास आपण श्रीमंत म्हणत नाही. कायद्याने कामांचे दोन वर्ग केले तेही याच बुद्धीने केले असावेत.

आणि क्षेमाला पैसा फार लागतो, ही समजूतही पुष्कळ वेळा खोटी असते. बावडीवरचे छत कमकुवत आहे असे समजल्यावर त्यावर दोरी बांधून ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावायला किती रुपये लागले असते? तेथे पैशाची वाण नव्हती. वाण होती ती अप्रिय होण्याच्या तयारीची. सणाच्या तोंडावर भक्तांना ‘या जागी बसू नका’ असे सांगणारा विश्वस्त अप्रिय होतो. देवळापाशी मोजणीची पट्टी घेऊन उभा राहणारा अधिकारी त्याहून अप्रिय होतो. आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा पार्षद पुढची निवडणूक गमावतो. नगराच्या सुरक्षिततेचा खर्च कित्येकदा असा माणसांच्या लोकप्रियतेतून द्यावा लागतो, आणि ती तिजोरी उघडायला कोणी राजी नसते.

आपल्या शहराला मनात आणले तर क्षेम साधता येतो, हे इंदूरने स्वतःच दाखविले आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला. कचरा रोज उचलणे हे शुद्ध क्षेमाचे काम. आज केले म्हणून उद्या सुटत नाही. मग त्याच वर्षांत, त्याच शहरात, ती बावडी तशीच कशी राहिली? आम्हांस याचे उत्तर असे वाटते की, कचरा दिसतो आणि छताची खालची बाजू दिसत नाही. शिवाय कचऱ्याला क्रमांक मिळतो. ज्या क्षेमाला आपण मान दिला तो क्षेम झाला.

हा मान देण्याचा मार्ग इंदुरास शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने दाखविला होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे नगररचनाशास्त्रज्ञ तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत येथे आले होते. इंदूर दरबाराला सादर केलेला त्यांचा अहवाल १९१८ सालचा आहे. प्लेगचे दिवस होते. साहेबांनी हुकूम काढून घरे धुवायला लावली असती तर लोकांनी दारे लावून घेतली असती. त्यांनी निराळीच युक्ती योजिली. दिवाळीला एक भव्य मिरवणूक काढण्याचे जाहीर केले आणि ती कोणत्या रस्त्याने जाईल हे अगोदर सांगितले नाही. ज्या भागातील लोक आपली घरे व रस्ते सर्वांत अधिक साफ व दुरुस्त करतील त्या भागातून ती जाणार, असे ठरविले. गाव झाडूनपुसून लख्ख झाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर अशी प्रचंड चित्रे होती, ती शेवटी जाळण्यात आली. आणि त्याच मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार स्वच्छ पोशाख करून सन्मानाने चालले. रस्ता झाडणारा, ज्याची सावलीही त्या काळी लोक टाळीत, तो त्या दिवशी सर्व नगराच्या डोळ्यांसमोर मानकरी झाला. हे सारे करताना गेडिस यांनी आपला धर्म बाजूला ठेवा असे कोणास सांगितले नाही. दिवाळीच्या आधी घर झाडण्याची जी रीत होती तीच त्यांनी घरातून गल्लीत आणली.

ही युक्ती आज आपल्या उत्सवांना लावता येणार नाही काय? समजा, महापालिकेने जाहीर केले की, ज्या देवळांनी, धर्मशाळांनी आणि मंगल कार्यालयांनी आपल्या इमारतीची, विजेच्या तारांची व बाहेर पडण्याच्या वाटांची तपासणी करून घेतली त्यांची नावे दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या आधी वर्तमानपत्रात मानाने छापली जातील. किंवा समजा, आपल्या समाजानेच ठरविले की, नव्या सभामंडपाला देणगी देणाऱ्याचे नाव ज्या फलकावर लागते त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, जुना जिना दुरुस्त करून देणाऱ्याचे नावही लागेल. कोणी हसेल. पण आजवर आपण काय फलकावर लावीत आलो आणि त्याचा परिणाम काय झाला, याचा विचार हसणाऱ्याने करावा.

महापालिकेकडे मागणी करताना आपले घर आधी पाहावे, म्हणून एक गोष्ट आमच्या सभासद कुटुंबांपुढे ठेवतो. उत्सवाच्या दिवसांत आपल्या मंदिरात महाप्रसादाला मोठी गर्दी होते. मागील बाजूस जो दुसरा दरवाजा आहे त्यापाशी पादत्राणांच्या मांडण्या आणि मंडपाचे बांबू ठेवलेले असतात, त्यामुळे जाण्यायेण्याची वाट व्यवहारतः एकच उरते. गाभाऱ्यात समया, बाहेर रोषणाईच्या माळा, आणि त्या माळा ज्या तारेला जोडतात ती तार किती वर्षांपूर्वीची हे आम्ही विचारले तेव्हा नक्की सांगणारे कोणी भेटले नाही. दोष द्यावा असा कोणाचाही हेतू यात नाही. सेवेकरी मंडळी रात्रंदिवस राबतात हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. मांडण्या हलवायला दोन तास आणि चार माणसे पुरतील. तारांसाठी मात्र जाणकार माणूस बोलवावा लागेल आणि त्याला पैसे द्यावे लागतील.

येत्या वार्षिक सभेत खर्चाच्या तरतुदींचा कागद सभासदांपुढे येईल. त्यात शिखराच्या रंगकामाची रक्कम पहिल्या क्रमांकावर धरली आहे आणि वीजजोडणीची तपासणी सातव्या क्रमांकावर, ‘शिल्लक राहिल्यास’ या शेऱ्यासह. हा क्रम बदलावा अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. तिला अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी आपली नावे सभेपूर्वी आठ दिवस कार्यवाहांकडे द्यावीत; नियमाप्रमाणे त्यानंतर आलेली नावे धरता येणार नाहीत.